खाकी गाडीला ठेवलेली नावं

पुतळाबाईला छप्पर असलेलं वाहन सोसत नसे. कुरुळीत ही गोष्ट सर्वांना ठाऊक होती. एस.टी. नवीन सुरू झाली तेव्हा तिने एकदा पुण्याला जायचं ठरवलं आणि मोशीचा पूल यायच्या आत कंडक्टरला गाडी थांबवावी लागली. पुतळाबाई खाली उतरली, बाभळीच्या आडोशाला जाऊन आली, पदराने तोंड पुसलं आणि पायी घरी परतली. दुसऱ्या खेपेला तिने तोंडात लवंग धरली होती. त्या खेपेला गाडीने कुरुळीची शीवही ओलांडली नाही. आगगाडीचं म्हणाल तर तळेगाव स्टेशनात नुसतं डब्यात डोकावल्यावरच तिने हातातलं गाठोडं नवऱ्याकडे दिलं आणि बाकावर डोळे मिटून बसली. बैलगाडीत मात्र ती दिवसभर बसे आणि उतरल्यावर भाकऱ्याही थापी. तोंडावर वारा लागला पाहिजे, एवढंच तिचं म्हणणं.

आजवर हे कुणाला जड गेलं नव्हतं, कारण माहेर चऱ्होलीला आणि बाजार चाकणला. पण मुलगी गवरा दिली होती थेट हुबळीला. जावई तिथे रेल्वेच्या कारखान्यात होता. गवराचं पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे कुरुळीला झालं. दुसऱ्या वेळी मात्र रेल्वेच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तिला प्रवासाची सक्त मनाई केली, आणि दसऱ्याच्या सुमाराला जावयाचं कार्ड आलं की मार्गशीर्षात दिवस भरतील, गवरा सारखी आईची आठवण काढते, सासूबाईंना पाठवावं.

पुतळाबाईने त्या दिवशी नेहमीसारखा स्वयंपाक केला, नवऱ्याला वाढलं आणि मग म्हणाली, "मी जाणार. कशी जाणार ते तुमी बगा."

नवरा म्हणजे मुरारी. त्याला बघणं भाग होतं. बैलगाडीने निघावं तर हुबळीला पोचेपर्यंत नातवंड रांगायला लागलं असतं.

उपाय निघाला तो पडवीतून. पडवीतली खोली मुरारीने ज्योतीराम नावाच्या तरुणाला भाड्याने दिली होती. हा औशाकडचा, निजामाच्या जुन्या मुलखातला. पिंपरीला पेनिसिलिनचा कारखाना निघाला तसा तो तिथे फिटर म्हणून लागला आणि कुरुळीहून सायकलने जाऊ-येऊ लागला. त्याआधी लातूरला तो एका इंजिनिअरसाहेबाच्या हाताखाली होता आणि साहेबाची मोटारसायकल साहेबापेक्षा तोच जास्त चालवी. तो म्हणाला की मोटारसायकलला बाजूने साइडकार जोडता येते, तिला छप्पर नसतं, मावशी तिच्यात पाय पसरून बसतील, तात्या मागच्या गादीवर बसतील आणि चालवायला मी आहे. रजाही शिल्लक आहे. फक्त गाडी चांगली हवी. चाकणहून पुण्याला कुठलीही गाडी जाते. कात्रजचा आणि खंबाटकीचा घाट चढून बेळगावच्या पुढे जायचं तर पारखून घ्यावी लागेल.

पारखायचं म्हटल्यावर मुरारी ताठ बसला. चाकणच्या बैलबाजारात तो दलाली करी, आणि चालत्या बैलाच्या मागून दहा पावलं जाऊन त्याच्या चारी पायांचा इतिहास सांगणारा माणूस म्हणून खेडपासून आळंदीपर्यंत त्याचं नाव होतं.

या बाजाराची एक रीत होती. जो बैल घ्यायचा त्याला नावं ठेवायची. जो घ्यायचा नाही त्याच्या पाठीवर हात फिरवून वाहवा करायची. विकणाऱ्याला गिऱ्हाइकाचं मन कळलं की सौदा बिघडतो, म्हणून तोंडाने उलटं बोलायचं आणि खरा व्यवहार हातावर उपरणं टाकून बोटांनी करायचा. सारा जन्म असा गेल्यावर मुरारीला घरीदारीही सरळ बोलणं जमेनासं झालं होतं. कालवण झकास जमलं की तो म्हणे, "आज चुलीवर लक्ष नव्हतं वाटतं," आणि पुतळाबाई त्याला आणखी वाढी. ती स्वतः याच रीतीने पसंत झाली होती. चऱ्होलीला तिला बघायला आला तेव्हा मुरारीने भर बैठकीत सांगितलं होतं की मुलगी बुटकी आहे, चालताना घाई करते आणि आवाज नदीपलीकडच्या माणसाला हाक मारण्याच्या लायकीचा आहे. आतल्या खोलीत तिची आई रडू लागली. वडील मात्र बैल विकणारे होते. ते उठून आत गेले आणि म्हणाले, साखर वाटा.

ज्योतीरामला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्याच्या वाट्याला कायम कौतुक आलेलं. असा भाडेकरू मिळायला नशीब लागतं, असं मुरारी चारचौघांत म्हणे, आणि ज्योतीराम ते औशाला आईला पत्रातून कळवी.

आधी दोघं पुण्याला कॅम्पातल्या एका दुकानात गेले. तिथे नवीकोरी मोटारसायकल काचेमागे उभी होती. टाय बांधलेल्या विक्रेत्याने तिचे गुण सांगितले. मुरारीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, हिची खोड काय? विक्रेता म्हणाला, खोड कसली, एकही नाही. मुरारी नमस्कार करून बाहेर पडला. रस्त्यावर त्याने ज्योतीरामला समजावलं की ज्याला आपल्या जनावराची खोड माहीत नाही त्याने ते जनावर कधी जुंपलेलं नाही. शिवाय साइडकार विलायतेहून यायची होती आणि ती शिवरात्रीच्या आत येत नव्हती.

मग ज्योतीरामने देहूरोडच्या चिमाजीचं नाव काढलं. लष्कर जुना माल लिलावात काढी, त्यातला बराच चिमाजी उचले. त्याच्या आवारात तंबू, पाण्याच्या टाक्या, बूट आणि कशाचे ते कुणालाच माहीत नसलेले लोखंडी भाग यांचे ढीग होते. ढिगांच्या मध्ये साइडकार लावलेल्या दोन मोटारसायकली उभ्या होत्या. एक लढाईत वापरलेली, खाकी, रंग ठिकठिकाणी उडालेला. दुसरीला चिमाजीने नुकताच लाल रंग देऊन घेतला होता आणि टाकीवर हौसेने दोन पिवळे पट्टे ओढले होते.

मुरारीने दोन्ही गाड्यांभोवती फेऱ्या मारल्या. मागे जाऊन उकिडवा बसला आणि गाडी कोणत्या अंगावर कलते ते पाहिलं. खुराचं करावं तसं टायर अंगठ्याने दाबून पाहिलं. इंजिन सुरू करायला लावून एक विडी संपेपर्यंत काही न बोलता उभा राहिला. बैल दावणीला दम टाकतो का, हे असंच बघायचं असतं. त्याने खाली वाकून तेल कुठे गळतं तेही पाहिलं. मग म्हणाला, आता ओझ्याचं बघू. आवारात दुसरं काही नव्हतं म्हणून जुन्या बुटांची पोती साइडकारमध्ये भरली. मुरारीने ती उचलून अंदाज घेतला आणि पुतळाबाई आणि तिचं गाठोडं यांचा भार जुळेपर्यंत आणखी बूट टाकायला लावले. स्वतः तो मागे बसला आणि ज्योतीरामने पाळीपाळीने दोन्ही गाड्या शेलारवाडीच्या बाजूच्या चढावर नेल्या.

लाल गाडी झोकात निघाली, अर्ध्या चढावर खोकली आणि पांढरा धूर सोडून मंदावली. कशीबशी माथ्यावर पोचली. खाकीने निघताना दोन लाथा जास्त खाल्ल्या, पण एकदा चालू पडल्यावर ती धप धप करत एका लयीत वर गेली आणि माथ्यावर पोचल्यावरही तिचा श्वास तोच होता. मुरारीने तिच्या टाकीवर तळहात ठेवला आणि लगेच काढून घेतला. कुणी बघायला नको होतं.

खाली आल्यावर त्याने तोंड उघडलं. खाकी गाडी म्हणजे म्हातारं म्हसरू आहे, असं तो म्हणाला. आवाज घोगरा, अंगाला रंग नाही, लाथा घातल्याशिवाय जागची हलत नाही, हिच्यावर बसून कुणी हुबळीला निघालं तर लोक म्हणतील भंगार विकायला चालला आहे. चिमाजीचा चेहरा उतरत गेला. मग मुरारी लाल गाडीकडे वळला, पिवळ्या पट्ट्यांवरून हात फिरवला आणि म्हणाला की गाडी म्हणावी तर ही. ज्योतीराम बाजूला उभा राहून ऐकत होता. चढावर त्याला स्वतःला खाकी आवडली होती. पण एवढा जाणता माणूस म्हणतो आहे तर आपल्याला न दिसलेलं काही त्याला दिसलं असेल, असं त्याने मनाशी ठरवलं.

घरी आल्यावर मुरारीने बायकोला तीच म्हसराची हकिगत सांगितली. पुतळाबाईने शेवटपर्यंत ऐकली, मग उठून जुनी लुगडी काढली आणि पडवीत येऊन ज्योतीरामला विचारलं, खाकी गाडीतल्या बैठकीची रुंदी किती असेल. गोधडी शिवायची आहे. ज्योतीराम म्हणाला, "मावशी, तात्यांना लाल पसंत हाय." पुतळाबाईला वाटलं पोर थट्टा करतंय. बरं बाबा, म्हणून ती हसली आणि गोधडी शिवायला बसली.

बाजाराच्या रीतीत आणखी एक कलम होतं. एकदा नावं ठेवून आल्यावर घेणाऱ्याने स्वतः परत जायचं नाही. मधे काही दिवस जाऊ द्यायचे आणि दुसऱ्याच माणसाला पाठवायचं, म्हणजे गरज दिसत नाही. म्हणून शनिवारी मुरारीने ज्योतीरामला चाकणच्या बाजारात बोलावून घेतलं आणि पैशाची पुरचुंडी त्याच्या हातात दिली. भोवती दलालांचा घोळका होता आणि त्यात दत्तोबा होता.

दत्तोबा चाकणचाच, मुरारीच्या तोलाचा दलाल. मुरारी कुठल्या बैलाला शिव्या देतो यावर त्याचा एक कान कायम असे, आणि कितीतरी वेळा मुरारी नावं ठेवून वळेपर्यंत दत्तोबाने तो बैल सोडून नेलेला असे. त्याच्यासमोर उघड बोलणं शक्यच नव्हतं. ज्योतीरामने विचारलं, कुठली आणू? मुरारी दुसरीकडे पाहत म्हणाला, "चिमाजीकडं मी काय बोललो ते ध्यानात हाय न्हवं? झालं तर मग."

ज्योतीरामच्या ध्यानात सगळं होतं. तो रविवारी गेला आणि लाल गाडी घेऊन निघाला.

भोसरीपर्यंत ती छान आली. मोशीचा पूलही तिने ओलांडला. पुढच्या चढाला ती खोकली, धूर सोडला आणि थांबली. ज्योतीरामने उतरून जे जे करायचं ते केलं. शेवटी वावरातून घरी निघालेल्या एका शेतकऱ्याने तिला बैल जुंपले, आणि ऊन कलता कलता टाकीवर दोन पिवळे पट्टे असलेली लाल मोटारसायकल बैलजोडीच्या मागून कुरुळीत शिरली. ज्योतीराम हँडल धरून बसला होता, कारण वळणावर तेवढं त्याच्याकडे होतं.

गाव गोळा झालं. मुरारी बाहेर आला. त्याने गाडी पाहिली, बैल पाहिले, मग पुन्हा गाडी पाहिली. कुणीतरी विचारलं, तात्या, कशी काय आहे गाडी?

"चांगली हाय," मुरारी म्हणाला. "लई चांगली हाय."

आत गोधडीला शेवटचे टाके घालणाऱ्या पुतळाबाईने ते ऐकलं आणि सुई खाली ठेवली. सारा जन्म काढला होता तिने या माणसाबरोबर. इतकं वाईट तो कशाबद्दलच बोलला नव्हता.

लोक पांगल्यावर मुरारीने ज्योतीरामला ओसरीवर बसवलं आणि हलक्या आवाजात विचारलं की हे काय केलंस. ज्योतीराम गोंधळला. तुम्हीच तर लाल गाडीचं गुणगान करत होतात, असं तो म्हणाला. मुरारीने कपाळावर हात मारला आणि बाजाराची रीत त्याला पहिल्यापासून सांगितली. ज्योतीराम ऐकत गेला. शेवटी तो म्हणाला, "म्हणजे चांगलं म्हणलं की वाईट."

"व्हय."

"आन् मी चांगला भाडेकरू हाय म्हणून गावभर सांगायलात ते?"

मुरारीने विडी पेटवायला बराच वेळ घेतला. मग तो म्हणाला की सुरुवातीला नवीन माणसाचा भरवसा नव्हता, पुढे ते तोंडात बसलं, आणि आता उगाच विषय वाढवू नये. आईला पाठवलेली पत्रं ज्योतीरामला एकामागून एक आठवत असावीत.

दुसऱ्या दिवशी मुरारीने रीत गुंडाळून ठेवली आणि स्वतः देहूरोड गाठलं. खाकीच्या जागी जमिनीवर तेलाचा डाग होता. चिमाजी म्हणाला, ज्योतीराम लाल गाडी घेऊन गेला आणि थोड्या वेळाने तुमच्याच बाजारातला एक माणूस आला. विचारू लागला की मुरारीतात्या इथे काय बोलले. "मी आपलं खरं सांगितलं, की त्यांनी खाकीला म्हसरू म्हटलं, भंगार म्हटलं. तर तो म्हणाला हीच द्या. ट्रकात घालून नेली."

तो माणूस कसा दिसत होता हे मुरारीने विचारलंदेखील नाही.

दत्तोबाला मोटारसायकल चालवता येत नव्हती आणि त्याला कुठे जायचंही नव्हतं. त्याने गाडी गोठ्यात बैलांच्या शेजारी उभी केली. मुरारीला हवी असलेली वस्तू आपल्या दावणीला आहे, एवढ्यावर तो खूश होता आणि मुरारी कधी येतो याची वाट बघत होता.

इकडे दिवस सरत होते. दिवाळी झाली. ज्योतीरामने लाल गाडीचं इंजिन उघडलं, आतलं पाहून पुन्हा बंद केलं आणि सांगितलं की सपाटीवर ही चालेल, घाटात नाही. हुबळीच्या वाटेवर सपाटी कमी होती. पुतळाबाईने शिवलेली गोधडी घडी घालून दाराशी ठेवली होती आणि मुरारीला येता-जाता ती ओलांडावी लागे.

शेवटी तो निघाला. ज्योतीराम बरोबर होता आणि पुतळाबाईही निघाली. चाकणला पायी जायचं होतं, त्यामुळे तिची ना नव्हती. वाटेत मुरारी मनात डाव मांडत होता. खाकीला नावं ठेवावीत तर दत्तोबा हसेल. वाहवा करावी तरी तो ओळखेल की मुद्दाम चाललंय. न बोलावं तर सौदाच नाही. तो हे सगळं पुटपुटत होता आणि पुतळाबाई दोन पावलं पुढे चालत ऐकत होती. कांद्याच्या वखारीपाशी ती थांबली.

"तुमचं खोटं त्याला पाठ हाय," ती म्हणाली. "खरं त्यानं कवा ऐकलेलं न्हाई."

मुरारीला ते पटायला वखारीपासून दत्तोबाच्या दारापर्यंतचं अंतर लागलं.

दत्तोबाने त्यांना गोठ्यातच नेलं. खाकी तिथे उभी होती. साइडकारमध्ये एक कोंबडी अंड्यांवर बसली होती. चहा आला. दत्तोबाने इकडचं तिकडचं काढलं आणि मग सहज म्हटल्यासारखं म्हणाला की तात्या, ही बघ आमची गाडी, कशी वाटते.

मुरारीने तोंड उघडलं आणि मिटलं. आयुष्यात प्रथमच तो भर गोठ्यात, बैलांच्या देखत, मनातलं बोलणार होता. पुतळाबाई कोंबडीकडे बघत होती.

"दत्तोबा," तो म्हणाला, "ही गाडी मला लई आवडली. पहिल्या दिवसापासनं. चढाला अशी गाडी म्या बघितली न्हाई. आमच्या हिला हुबळीला न्यायचं हाय, लेकीकडं, आन् हिला या गाडीबिगर जाता यायचं न्हाई. मला गाडी पायजे."

दत्तोबाच्या हातातली बशी तोंडापाशी थांबली. त्याने मुरारीकडे पाहिलं, मग खाकीकडे. मुरारीला हा चेहरा ओळखीचा होता. खरेदीच्या दुसऱ्या दिवशी बैल औताला बसतो हे कळलेल्या माणसाचा हा चेहरा. दत्तोबाने सावधपणे विचारलं, "आन् लाल गाडी? ती तर चांगली हाय म्हणं. तूच गावाला सांगितलंस."

"ती बसकी हाय," मुरारी म्हणाला. "मोशीच्या चढाला बसली. बैलांनी वढून आणली. घाटात चालायची न्हाई."

दत्तोबाने ज्योतीरामकडे मान वळवली. ज्योतीराम म्हणाला की खरं आहे, इंजिन आतून झिजलं आहे, मी स्वतः उघडून बघितलं. दत्तोबा समजल्यासारखा हसला. भाडेकरूलाही पढवून आणलं आहे, हे त्याच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं. त्याने बशी खाली ठेवली, खांद्यावरचं उपरणं काढलं आणि म्हणाला की खाकी द्यायला हरकत नाही, पण बदल्यात लाल हवी.

आता मुरारीची पंचाईत झाली. ज्या सौद्यासाठी तो आला होता तो समोरून चालत आला होता आणि त्याला चोरी केल्यासारखं वाटत होतं. बैलांच्या बाबतीत त्याने दत्तोबाला पुष्कळदा फसवलं होतं, आणि त्या रात्री त्याला छान झोप लागली होती. "अरं, फसशील," तो कळवळून म्हणाला. "लाल घेऊ नगंस. दुसरं काय बी माग."

दत्तोबाने आणखी ठामपणे हात पुढे केला. मुरारीने हात दिला, वर उपरणं पडलं, आणि वर काय द्यायचं घ्यायचं ते बोटांनी ठरलं. काय ठरलं ते त्या दोघांना आणि उपरण्याला माहीत. पुतळाबाईने कोंबडी उचलून खाली ठेवली आणि अंडी पदरात घेऊन दत्तोबाच्या बायकोकडे दिली.

दत्तोबाचं पुढे काय झालं हे सांगायला हवं. लाल गाडी त्याच्या अंगणातून बाहेर पडलीच नाही. एका मिस्त्रीने तिचं इंजिन काढून कडबा कापायच्या यंत्राला जोडून दिलं, आणि तिथे चढ नसल्यामुळे ते वर्षानुवर्षं चाललं. मुरारीला एवढ्या चांगल्या इंजिनाची किंमत कळली नाही, असं दत्तोबा शेवटपर्यंत सांगत असे.

मार्गशीर्ष लागता लागता खाकी कुरुळीहून निघाली. पुतळाबाई साइडकारमध्ये गोधडीवर बसली, मांडीवर डिंकाच्या लाडवांचा डबा, कानाला फडकं. ज्योतीराम पुढे आणि मुरारी मागे. कात्रजच्या घाटात पुतळाबाई आजूबाजूची शेतं बघत पिकांविषयी बोलत होती. खंबाटकीच्या घाटात गाडी थांबवावी लागली, पण तिच्यासाठी नाही. मुरारी उतरून कठड्याआड गेला आणि बराच वेळ तिकडेच होता. पुतळाबाईने डब्याशेजारची पुरचुंडी सोडून त्याला लवंग दिली. पुढे कराडपर्यंत तो डोळे मिटून ज्योतीरामच्या पाठीला डोकं टेकून बसला होता. मुक्काम करत करत ते एका संध्याकाळी हुबळीला पोचले तेव्हा खाकी चढावरच्याच लयीत धप धप करत होती, आणि गवरा दारात येऊन उभी राहिली ती पोट सावरत.

दुसऱ्या दिवशी उजाडताना तिला मुलगी झाली. पुतळाबाई जवळ होती.

बाळ-बाळंतीण घरी आल्यावर मुरारीला नात दाखवली. त्याने तिला उजेडात धरायला लावलं, एकदा या बाजूने आणि एकदा त्या बाजूने पाहिलं, आणि म्हणाला की डोकं लांबट आहे, नाक कुठे आहे ते शोधावं लागतं, आणि रडण्यात तर काही दमच नाही. विहीणबाई अंबूबाई तिथेच होत्या. त्यांचा चेहरा कडक झाला. तेवढ्यात दाराशी उभा असलेला ज्योतीराम पुढे आला आणि अदबीने म्हणाला, "अंबूबाई, मनाला लावून घेऊ नका. त्यांना नात पसंत पडली."

पुतळाबाई महिनाभर राहणार होती. ज्योतीरामची रजा संपत आली, तशी तो आणि मुरारी परत निघाले. मुरारी या खेपेला साइडकारमध्ये बसला. तोंडावर वारा लागलेला बरा, असं त्याने कारण सांगितलं. ज्योतीरामने लाथ मारली. इंजिन लागलं नाही. दुसऱ्या लाथेला लागलं. मुरारीने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

"तुला गाडी चालवता येत न्हाई," तो म्हणाला, विहीणबाईंना, जावयाला आणि शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. "येताना एक खड्डा सोडला न्हाईस. माणूस बी तसाच, दगड. माझ्या घरी कसा काय टिकलास."

धारवाडपर्यंत ज्योतीराम गाणं गुणगुणत होता. कुरुळीला पोचल्याबरोबर त्याने आईला कार्ड टाकलं की तात्या मला चारचौघांत दगड म्हणाले. उलट टपाली उत्तर आलं. आईने कुणाकडून तरी लिहवून घेतलं होतं, की बाबा रे, अशा माणसाच्या घरात एक दिवसही राहू नकोस, तिथेच पिंपरीला दुसरी खोली बघ.

ज्योतीरामने ते मुरारीला वाचून दाखवलं. मुरारीने विडी झटकली.

"आई तुझी अगदीच बिनडोक दिसती," तो म्हणाला.

हे मात्र ज्योतीरामने आईला कळवलं नाही.